सातवी

आमच्या गावात सात जण असतात,
शपथ घेतलेले, मरेपर्यंत.
हद्दीच्या दगडाखाली काय पुरलंय
ते फक्त या सातांना ठाऊक.
कागदावर नाही, बायकोला नाही,
कबुलीजबाबाच्या खिडकीत पाद्र्यालाही नाही.

आल्बान वारला तेव्हा जागा रिकामी झाली,
आणि पोरं सगळी न्यूरेंबर्गला, कारखान्यात.
म्हणून मला विचारलं, बेकरीतल्या वाल्बुर्गाला.
म्हातारा गुंडेलोह माझ्या कानाशी वाकला,
तोंडाला तपकिरीचा वास,
आणि सांगितलं. एकदाच.
दोनदा सांगायचा रिवाज नाही.

नोव्हेंबरात पहिलं बोलावणं.
ओटमार झाफ आणि क्रेसेन्त्सिया ह्युब्श,
मध्ये चेरीची एक रांग
आणि हातभर जमीन,
जिच्यात बटाट्याची धड एक ओळ मावणार नाही.
तो म्हणतो, हिच्या नवऱ्याने दरसाल बोटबोट बांध कोरला.
ती म्हणते, त्या बिचाऱ्याला ट्रॅक्टर सरळ चालवता कुठे यायचा,
डोलायचा तो दोन्हीकडे सारखाच.
अकरा वर्षं अबोला.
मधल्या फांद्यांवरच्या चेऱ्या काळ्या पडून पाखरांच्या धनी.
पोस्टमनने चुकून एकाचं पत्र दुसरीच्या पेटीत टाकलं
तर ते कुंपणाला चिमट्याने लटकायचं,
शाई उतरेपर्यंत.

मोजणी झाली होती म्हणा.
उपग्रह म्हणाला इथे, जुना नकाशा म्हणाला तिथे,
दोहोंमध्ये एक बूट मावेल इतकं अंतर.
मग आम्ही.

मालकांनी वीस पावलं लांब जायचं, पाठ फिरवून.
ओटमार टेकडीकडे बघत उभा,
ती चर्चच्या मनोऱ्याकडे.
आम्ही अंगांचं कडं केलं.
गुडघ्यांवर मी बसले, कारण सगळ्यांत धाकटी मीच,
वय एक्कावन्न.
दगड कलला होता. पहार लावली.
तो उठला तसा बंद तळघराचा वास आला.
मी हातांनी माती बाजूला केली,
कोपरापर्यंत.

खाली काय होतं ते सांगणार नाही.
शपथ आहे.

एवढंच सांगते, की गुंडेलोहने खड्ड्यात पाहिलं,
मग माझ्याकडे पाहिलं.
कुणाची तरी टोपी वाऱ्याने उडाली
आणि ती आणायला कुणी गेलं नाही.
बराच वेळ.
मग त्याने काठीने मातीवर एक रेघ ओढली
आणि आम्ही दगड तिथे उभा केला.

हाक मारली. दोघं आले.
ओटमारने दगडाकडे पाहिलं,
मग आमच्या तोंडांकडे, एकेक करून, सातही.
"सापडलं?"
"दगड इथे," गुंडेलोह म्हणाला.
क्रेसेन्त्सियाने काहीच विचारलं नाही,
माझ्या बाह्यांवरच्या मातीकडे बघत राहिली.
सहीला पेन एकच होतं. तिची झाली, त्याच्यासमोर धरलं.
"उमटत नाहीये," तो म्हणाला.
"थंडीने. फुंकर मार," ती म्हणाली.
त्याने मारली.

आता पाचोळ्यावरून भांडण सुरू आहे.
पाचोळ्याखाली कुणी काही पुरत नाही,
ते प्रकरण आमच्याकडे येत नाही.

त्या रात्री नखांतली माती निघाली नाही.
पहाटे पीठ मळायचं होतं, मी हातमोजे घातले.
नवरा म्हणाला, हे काय नवीन?
मी ओव्हन पेटवला.

गिऱ्हाईकं अजून विचारतात, पाव घेता घेता,
हसत हसत: असतं तरी काय गं खाली?
काय असतं ते मी सांगत नाही.
काही असतं का, तेही नाही.

एक दिवस मलाही कुणाच्या तरी कानाशी वाकायचंय.
माझ्या तोंडाला बडीशेपेचा वास असेल.
एकदाच सांगेन, नीट,
सगळं,
ती एक सकाळ सोडून.